साठातलं एक पान

गेल्या शनिवारी दुपारी भिंतीवर लावायला एखादं चित्र मिळतंय का ते शोधत बसलो होतो. हॉलची एक भिंत घर घेतल्यापासून रिकामी आहे आणि येणारा प्रत्येक पाहुणा न चुकता तिच्याकडे बघतो. (गणपतीचं कॅलेंडर लावायचा सल्ला आत्तापर्यंत तिघांनी दिलाय.) तर एका ऑनलाइन दुकानात एक चित्र दिसलं आणि बघताक्षणी आवडलं. नुसत्या बारीक काळ्या रेषांत काढलेली एक खोली. इजिप्शियन आकृत्या, भारदस्त कोच, खुर्च्या. रंग नाही, छटा नाहीत, नुसती रेघ. खाली लिहिलं होतं, "अस्सल १८०७ सालचं एनग्रेव्हिंग, थॉमस होप, इजिप्शियन रूम, फ्रेमसहित." किंमत परवडण्यासारखी नव्हती, पण क्रेडिट कार्ड नावाची सोय कशासाठी असते? टाकलं कार्टमध्ये.

मग सवयीप्रमाणे खाली स्क्रोल केलं. त्याच दुकानात त्याच पुस्तकाची आणखी बारा-तेरा पानं. प्रत्येक वेगळी, प्रत्येक "अस्सल", प्रत्येकाला फ्रेम. आणि तेव्हा डोक्यात उजेड पडला की आपण चित्रांच्या दुकानात नाही, खाटकाच्या दुकानात उभे आहोत.

शब्द कडक वाटला का? वाटू दे. आज त्यावरच लिहायचंय. जुनी सचित्र पुस्तकं फाडून त्यातली चित्रं सुटी विकायची, हा एक जुना, प्रतिष्ठित आणि पूर्णपणे कायदेशीर धंदा आहे. इंग्रजीत अशा विक्रेत्याला 'ब्रेकर' म्हणतात. आपल्याकडे जुन्या गाड्या तोडून पार्ट विकणाऱ्याला म्हणतात, तसंच. फरक एवढाच की गाडी तोडणारा निदान भंगारात निघालेली गाडी तोडतो.

आता हे पुस्तक नेमकं काय आहे ते सांगतो, नाहीतर तुम्ही म्हणाल, चार चित्रांसाठी एवढा आरडाओरडा कशाला.

थॉमस होप हा १७६९ साली अॅमस्टरडॅममध्ये जन्मलेला माणूस. घराणं मूळचं स्कॉटिश, धंदा बँकेचा, पैसा चिक्कार. तरुणपणी वर्षानुवर्षं ग्रीस, तुर्कस्तान, इजिप्त, इटली असा भटकला, आणि जिथे जाईल तिथे जुन्या इमारती नि वस्तू बघून रेखाटनं करत बसला. फ्रेंच फौजा हॉलंडमध्ये घुसल्या तेव्हा कुटुंब लंडनला आलं. तिथे १७९९ मध्ये त्याने डचेस स्ट्रीटवरचं एक घर घेतलं. घर बांधलेलं होतं रॉबर्ट अॅडमने, म्हणजे इंग्लंडमधल्या नवअभिजात शैलीतल्या सगळ्यात मोठ्या नावांपैकी एकाने. होपने ते आतून पार बदलून टाकलं. पुतळ्यांसाठी एक दालन, चित्रांसाठी एक, सर विल्यम हॅमिल्टनकडून १८०१ मध्ये घेतलेल्या ग्रीक कलशांसाठी वेगळ्या खोल्या, जॉन फ्लॅक्समनच्या 'ऑरोरा आणि सेफालस' या एका शिल्पासाठी एक अख्खी खोली, आणि ही आपली इजिप्शियन खोली. फर्निचरसुद्धा त्याने स्वतः काढलं. एखादी खुर्ची रोमन नाण्यावरून, एखादं टेबल ग्रीक थडग्यावरून, असं.

आणि मग १८०७ मध्ये त्याने या घराचं पुस्तक काढलं. 'हाउसहोल्ड फर्निचर अँड इंटीरियर डेकोरेशन'. मोठा फोलिओ आकार, ६० प्लेट्स आणि प्रत्येक प्लेटबद्दलचा मजकूर. 'इंटीरियर डेकोरेशन' हा शब्दप्रयोग इंग्रजीत रुळवण्याचं श्रेय याच पुस्तकाला देतात. त्याच वर्षी 'एडिंबरा रिव्ह्यू'मध्ये त्याची भरपूर टिंगल झाली. एवढा श्रीमंत, शिकलासवरला माणूस टेबलखुर्च्यांवर पुस्तक लिहितो म्हणजे काय! (ज्याने कधी यूजर मॅन्युअल लिहिलंय त्याला हे दुःख कळेल.)

आता मुद्द्याची गोष्ट. हे चित्रांचं पुस्तक नाहीच आहे. म्हणजे चित्रं आहेत, पण ती एकेकटी उभी राहावीत म्हणून काढलेलीच नाहीत.

पहिलं, रंग. सगळ्या प्लेट्स नुसत्या रेषेच्या. होपला काटेकोर बाह्यरेषा हवी होती, छटांची सजावट नको होती. मग रंग कुठे आहेत? मजकुरात! इजिप्शियन खोलीच्या मजकुरात तो सांगतो की खोलीत नि फर्निचरवर मुख्य रंग फिका पिवळा आणि निळसर हिरवा आहेत, इजिप्शियन रंगाऱ्यांचे आवडते, आणि अधूनमधून काळा नि सोनेरी. भिंतींवरची नक्षी पपायरसच्या गुंडाळ्यांवरून घेतलेली, छतावरची ममीच्या पेट्यांवरून. म्हणजे भिंतीवर टांगायला जे पान कापून काढलं त्यात खोलीचा आकार गेला, आणि तिचा रंग मागे राहिला. ज्याने ते विकत घेतलं त्याला वाटणार की खोली पांढरीफटक होती.

दुसरं, जोडण्या. आधी अख्ख्या खोलीचं दृश्य येतं, आणि मग पुढच्या प्लेट्समध्ये त्याच खोलीतल्या वस्तू सुट्या येतात. समोरून, बाजूने, पाय वेगळा, कोपरा वेगळा. सुताराला करता यावं म्हणून. आणि त्या सुट्या वस्तूंच्या मजकुरात होप प्रत्येक दागिन्याचा पत्ता देतो. इजिप्शियन खुर्चीच्या हातांखाली जे बसलेले पुजारी आहेत ते व्हॅटिकनमधल्या एका मूर्तीवरून, पाठीवरची पंखवाली आयसिस बोलोन्यातल्या एका ममीपेटीवरून, कॅनोपस रोमच्या कॅपिटोलमधल्या कॅनोपसवरून. पुस्तकाच्या शेवटी तर आपल्याला कामाला आलेल्या ग्रंथांची यादीही आहे. हे काय झालं? आम्ही ज्याला डॉक्युमेंटेशन म्हणतो ते झालं. डिपेंडन्सीसकट. आज आमच्या प्रोजेक्टमध्ये कोणी एवढं लिहिलं तर आम्ही त्याला पार्टी देऊ.

तिसरं, आणि हे वाचल्यावर मी कार्टमधून ते चित्र काढून टाकलं. इजिप्शियन खोलीच्याच मजकुरात होप तरुण कलाकारांना बजावतो की केवळ काहीतरी नवीन दिसावं एवढ्यासाठी ही इजिप्शियन शैली अजिबात वापरू नका. ती चित्रलिपी आपल्याला कळत नाही, म्हणून तिच्या अर्थाचा आनंद आपल्याला मिळत नाही. (आणि ते खरंच होतं, शांपोल्यॉंने ती लिपी उलगडली १८२२ मध्ये, म्हणजे पंधरा वर्षांनी.) मूळ वास्तू कठीण दगडातल्या अवाढव्य, म्हणून त्या भव्य वाटतात; तेच आकार तुम्ही पट्ट्या, चुना, कापड नि कागदात केलेत तर लोक हसतील.

म्हणजे बघा हां. ज्या पानासमोर लेखक कळवळून सांगतोय की नुसतं वेगळं दिसतं म्हणून हे उचलू नका, नेमकं तेच पान नुसतं वेगळं दिसतं म्हणून कापलं, फ्रेममध्ये घातलं, आणि ती सूचना कचऱ्यात गेली. आणि मी ते विकत घेणार होतो! नुसतं वेगळं दिसतं म्हणून!!

आमच्या भाषेत सांगायचं तर कोणीतरी अख्खं स्पेसिफिकेशन घेतलं, त्यातले स्क्रीनशॉट कापून फ्रेम केले आणि बाकीचं श्रेडरमध्ये घातलं. मग आपण त्या स्क्रीनशॉटला 'हेरिटेज' म्हणतो.

"अरे, पण ते घर आहे ना? तिथे जाऊन बघ की." नाहीये. डचेस स्ट्रीटचं घर १८५१ मध्ये पाडलं. सरेमध्ये डीपडीन नावाचं होपचं दुसरं घर होतं, डचेस स्ट्रीटचं बरंचसं सामान नंतर तिकडे गेलं. १९१७ मध्ये त्या सामानाचा लिलाव झाला, आणि १९६९ मध्ये ते घरही पाडलं. इजिप्शियन खोलीतलं फर्निचर आज काही सिडनीच्या पॉवरहाउस म्युझियममध्ये आहे, काही इंग्लंडमध्ये बस्कॉट पार्कला. फ्लॅक्समनचं शिल्प पोर्ट सनलाइटच्या लेडी लीव्हर आर्ट गॅलरीत. २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने होपवर मोठं प्रदर्शन भरवलं, तेव्हा जगभर विखुरलेलं हे सामान थोड्या दिवसांसाठी पुन्हा एकत्र आलं.

आता सांगा, लिलावात निघालेली एखादी खुर्ची होपच्याच घरातली, असं कोण म्हणू शकतं? ज्याच्याकडे या पुस्तकातली प्लेट आणि तिचा मजकूर आहे तो. खोलीतली वस्तू कुठल्या भिंतीला होती, तिच्याशेजारी काय होतं, हे फक्त या पुस्तकात उरलंय. घर गेलं, सामान पांगलं, आणि ते घर एकसंध राहिलं ते कागदावर. अशा पुस्तकाची एक प्रत फाडणं म्हणजे ते घर दुसऱ्यांदा पाडणं आहे. आणि या वेळेला तर जागेची किंमत वाढली वगैरे सबबही नाही.

सबब आहे ती साध्या बेरजेची. समजा अख्खं पुस्तक शंभर रुपयांना जातं आणि एक प्लेट पाच रुपयांना. साठ पाचे तीनशे. झालं. यापलीकडे या धंद्यात काही गूढ नाही. त्यातही सगळ्या प्लेट्स सारख्या खपत नाहीत. अख्ख्या खोल्यांची दृश्यं आधी जातात. टेबलाच्या पायांचे छेद दाखवणारी पानं, जी सुताराच्या खऱ्या कामाची, ती पडून राहतात. आणि मजकूर? मजकूर कोण फ्रेम करतो!

या धंद्याच्या बाजूने जे युक्तिवाद नेहमी ऐकू येतात ते घेऊ. एकतर्फी झोडपणं बरं नव्हे.

एक, "पुस्तक आधीच मोडकं होतं. बांधणी सुटलेली, पानं गहाळ." हे कधीकधी खरं असतं, आणि तिथे माझा राग अर्धा होतो. वाळवीने खाल्लेल्या प्रतीची उरलेली चार पानं कोणी जपली तर वाईट काय? पण बांधणी सुटणं हा पुस्तकाचा मृत्यू नाही, तो बाइंडरकडे जायचा दाखला आहे. आणि अपुरी प्रतसुद्धा प्रतच असते. साठातली पन्नास पानं एकत्र असली तर ती एकमेकांबद्दल बोलतात. पन्नास घरांत पन्नास पानं गेली की सगळीच गप्प.

दोन, "सामान्य माणसाने अशा वस्तू बघायच्याच नाहीत का? लायब्ररीच्या कपाटात पडून राहण्यापेक्षा कोणाच्या तरी भिंतीवर गेलेली बरी." हा मुद्दा मला मनापासून पटतो, कारण मीच तो सामान्य माणूस. पण सामान्य माणसाला खोली बघायची असेल तर १९७१ मध्ये डोव्हरने या पुस्तकाची साध्या कागदी बांधणीची पुनर्मुद्रित आवृत्ती काढली, मजकुरासकट. ती खरी लोकशाही. फाडलेलं पान एका घरातल्या एका भिंतीवर जातं आणि तिथे सोफ्यावर बसणारी चार माणसं ते बघतात. लायब्ररीत निदान मागितलं तर मिळतं.

तीन, आणि हा युक्तिवाद आमच्याच व्यवसायाने पुरवलाय, "आता सगळं स्कॅन झालंय, मग मूळ पुस्तक फाडलं तर काय बिघडलं?" वा! स्कॅन मूळ वस्तूइतकाच चांगला असेल तर मग स्कॅनचा प्रिंट काढून भिंतीवर लावा की. दोनशे वर्षांपूर्वीची प्रत कशाला कापता? आणि स्कॅन तेवढा चांगला नसेल तर फाडायचं समर्थन तिथेच संपलं. दोन्हीकडून दार बंद आहे.

शिवाय स्कॅनबद्दल आमच्या लोकांचे भलतेच गोड गैरसमज आहेत. स्कॅन म्हणजे एका दिवशी, एका मशीनवर, एका प्रतीचं केलेलं वाचन. मोठ्या प्रमाणावरच्या स्कॅनिंगमध्ये घडीची पानं न उलगडताच पुढे गेलेली मी स्वतः कितीतरी पुस्तकांत पाहिली आहेत. आकार हरवतो, तांब्याच्या पत्र्याचा कागदावर उठलेला दाब हरवतो, मालकाने समासात पेन्सिलने लिहिलेलं माप पुसट होऊन जातं. आणि चुकलेलं पान पुन्हा स्कॅन करायचं तर अख्खी प्रत कुठेतरी असायला लागते. बॅकअप आहे म्हणून ओरिजिनल उडवणाऱ्या माणसाला आम्ही ऑफिसात काय म्हणतो ते इथे लिहिता येणार नाही.

चार, "माझं पुस्तक आहे, मी फाडीन नाहीतर जाळीन." बरोबर. कायद्याने तुझंच आहे. म्हणूनच मी पोलिसात न जाता ब्लॉग लिहितोय.

कोणी म्हणेल, इंग्लंडातल्या एका श्रीमंताच्या दिवाणखान्याचं तुला एवढं काय पडलंय? तर याच पुस्तकात सहावी प्लेट आहे ती एका 'भारतीय' खोलीची. थॉमस डॅनियलने काढलेली भारतातल्या इमारतींची मोठी चित्रं लावता यावीत म्हणून होपने ती सजवली. त्याच्या मजकुराप्रमाणे सोफे गडद किरमिजी, भिंती आकाशी, छत फिकट पिवळं आणि त्यात निळा-हिरवा. इथेही रंग प्लेटमध्ये नाहीत, शब्दांत आहेत.

आणि या डॅनियलच्या नशिबी काय आलं? त्याने आपल्या पुतण्याबरोबर, विल्यमबरोबर, 'ओरिएंटल सीनरी' नावाचा १४४ चित्रांचा संच काढला. त्यातले २४ वेरूळचे आहेत, जेम्स वेल्सच्या रेखाटनांवरून केलेले. हा वेल्स म्हणजे पुण्यात सवाई माधवराव आणि नाना फडणवीसांचं चित्र काढणारा. वेरूळच्या संचाची सुरुवात डोंगराच्या पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या दृश्याने होते आणि मग एकेक लेणं येतं. डोंगरापासून आत जायचं, पायी चालत गेल्यासारखं. आज डॅनियलची सुटी पानं आपल्याकडच्या हॉटेलांच्या लॉबीत नि बड्या घरांच्या जिन्यात दिसतात. डोंगराचं 'दुसरं दृश्य' एकटंच कुठेतरी लिफ्टशेजारी टांगलेलं असतं. पहिलं कुठे, तिसरं कुठे, कोणाला विचारणार? वेल्स १७९५ मध्येच वारला, आपलं काम छापलेलं त्याने पाहिलंसुद्धा नाही. आपल्या लेण्यांची ती इतकी जुनी, क्रमवार नोंद. आणि आपण तिला वॉलपेपर करून टाकलं. म्हणून मला होपच्या दिवाणखान्याचं पडलंय. सवय एकच आहे.

मग करायचं काय? मोर्चा काढायला सांगत नाही. एवढंच सांगतो की फाडणारा फाडतो कारण आपण घेतो. पुढच्या वेळी "अस्सल जुनं एनग्रेव्हिंग" दिसलं की विक्रेत्याला एक ओळीचा प्रश्न विचारा: बाकीचं पुस्तक कुठे आहे? जी चित्रं मुळातच सुटी विकायला छापली होती त्यांचा विक्रेता हसत उत्तर देईल, आणि अशी चित्रं खुशाल घ्या, तो वेगळा आणि चांगला छंद आहे. फाटक्या प्रतीतून आली असतील तर कुठल्या, काय गहाळ होतं, हे प्रामाणिक माणूस सांगेल. उत्तर आलं नाही तर समजा काय ते. आणि तुमच्या घरात, आजोबांच्या ट्रंकेत वगैरे, असं जुनं सचित्र पुस्तक निघालं आणि कोणी पानागणिक भाव सांगायला लागलं, तर कमी पैसे घ्या पण अख्खं विका. तीनशेऐवजी शंभर येतील. दोनशे रुपयांची ही देणगी कुठल्याही पावतीशिवाय दिल्याचं समाधान मिळेल.

मी विक्रेत्याला तो प्रश्न विचारला. मंगळवारी उत्तर आलं. इतर प्लेट्सपण उपलब्ध आहेत, तीन घेतल्यास सवलत. मजकुराची पानं आहेत का, असं पुन्हा विचारलं. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही.

भिंत अजून रिकामीच आहे. डोव्हरची आवृत्ती मागवलीय, ती आली की इजिप्शियन खोलीचं पान उघडून टेबलावर ठेवणार, मजकुरासकट. आणि भिंतीचं म्हणाल तर... गणपतीचं कॅलेंडर काही वाईट नाही.